पाय जमिनीला टेकले पाहिजेत

कॅमेऱ्यातून दिसणारा माणूस आणि त्याचा भोवताल संगणकाला कळावा, या संशोधनात मी बरीच वर्षं आहे. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे सांगत आले, ते इथे लिहिते.

१. मॉडेलला शिकवण्याआधी स्वतः लेबलिंगला बसा. कोको या डेटासेटमध्ये माणसाच्या अंगावर १७ बिंदू ठरलेले आहेत : नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे. ऐकायला सोपं वाटतं. मग चित्रात नऊवारी नेसून उकिडवी बसलेली भाजीवाली येते. तिचा खुबा नेमका कुठे? नियम असा, की बिंदू दिसत असेल तर २, झाकलेला असून अंदाजाने ठेवला तर १, ठेवलाच नाही तर ०. तो १ लिहिण्यासाठी तिच्या पाठीचा बाक, लुगड्याचा ताण, हात कशावर टेकलाय हे सगळं पाहावं लागतं. त्याच वेळी लक्षात येतं, की शरीर एकटं वाचता येत नाही. कोकोच्या गुणांकनातही ही अडचण धरलेली आहे. डोळ्याचा बिंदू जरा सरकला तरी गुण जातात, खुब्याला सर्वांत जास्त सूट मिळते, कारण खुबा कुठे आहे यावर माणसांचंच एकमत होत नाही.

२. एका स्थिर चित्रावर विसंबू नका. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके ठेवून माणसांचं चित्रीकरण केलं. त्यांचा निबंध १९७३चा. ठिपके थांबलेले असले की काही बोध होत नाही, हलले की पाहणारा क्षणात ओळखतो की कुणी तरी चालतंय. खुर्चीपाशी वाकलेला माणूस बसतोय की उठतोय, हे एका फ्रेमला विचारूच नये.

३. माणसाच्या बुडाखाली काय आहे ते पाहा. सिटीस्केप्स या २०१६च्या डेटासेटमध्ये ५० शहरांचे रस्ते आहेत, मुख्यतः जर्मनीतले. प्रत्येक भाग वर्गानुसार बारकाईने रंगवलेली ५,००० चित्रं, एकेकाला सरासरी दीड तासाहून जास्त वेळ लागलेला. त्यात पायी चालणाऱ्याचा वर्ग वेगळा आणि दुचाकीवर बसलेल्याचा वेगळा. आपल्याकडे स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई आणि पुढे उभं राहिलेलं पोर एकाच चौकटीत येतं, तेव्हा हा भेद सांभाळणं अवघड होतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतून आलेला आयडीडी हा डेटासेट मला म्हणून मोलाचा वाटतो. हैदराबाद, बंगळूर आणि आसपासचे रस्ते, १०,००० चित्रं, ३४ वर्ग. त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत. शिवाय डांबर संपल्यावर लागणाऱ्या, पण गाडी उतरवता येईल अशा पट्ट्याला स्वतंत्र वर्ग आहे. माणसं उभी राहतात, एसटीची वाट पाहतात ती त्याच पट्ट्यात. तो नुसता ‘रस्ता’ म्हणून रंगवला, तर तिथे कुणी असण्याची शक्यताच मॉडेलच्या लेखी कमी होते.

४. गुणांचा आकडा काय मोजत नाही, हे आधी शोधा. त्रिमितीत शरीर उभं करणाऱ्या पद्धतींची चूक सांध्यामागे सरासरी मिलिमीटरमध्ये मोजतात. पण मोजण्यापूर्वी दोन्ही सांगाड्यांची कंबर एका जागी आणतात, कधी कधी वळण आणि आकारही जुळवून घेतात. म्हणजे माणूस खोलीत कुठे आहे, हे त्या आकड्यात उरतच नाही. आकडा उत्तम येतो आणि माणूस जमिनीच्या वर तरंगत असतो किंवा त्याची मांडी खुर्चीत घुसलेली असते. समोरून ते कळतही नाही, म्हणून प्रत्येक निकाल बाजूने फिरवून पाहायचा, हा माझा आग्रह आहे. २०१९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनहून आलेल्या प्रॉक्स या कामाने हेच नीट हाताळलं. शरीराचं मॉडेल घ्यायचं, खोली आधीच स्कॅन करून ठेवायची आणि दोन अटी घालायच्या : शरीर वस्तूतून आरपार जाऊ नये, आणि तळवे, बैठक, पाठ असे एरवी टेकणारे भाग जवळच्या पृष्ठभागाला लागावेत. एवढ्याने एकाच कॅमेऱ्यातून काढलेली ठेवण सुधारली. शरीराचा जो भाग कॅमेऱ्याला दिसलाच नव्हता, त्याचा पत्ता खुर्चीने दिला. या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता विचार हाच.

५. चित्रातली माणसं खरी आहेत. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात २०१४ मध्ये ८ कॅमेऱ्यांनी येणाजाणाऱ्यांचं चित्रीकरण झालं. त्यातून तयार झालेला डेटासेट माणसांचा माग काढण्याच्या संशोधनात जगभर वापरला गेला आणि २०१९ मध्ये मागे घेतला गेला. तोवर लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती परत आणणार कशा? म्हणून संमतिपत्र समोरच्याच्या भाषेत हवं, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला हवं. कोण कोणत्या फ्रेममध्ये आहे याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्या कुणी येऊन ‘मला त्यातून काढा’ म्हटलं, तर ते त्याच दिवशी करता आलं पाहिजे.