गाडी स्वच्छ, विहीर घाण

कांद्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या ओतूर परिसरात कल्याण-अहिल्यानगर महामार्गाच्या कडेची वॉशिंग सेंटरे पहाटेपासून गजबजतात. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, माळशेज घाटातून चिखल घेऊन आलेल्या मोटारी रांगेत उभ्या राहतात. पंप घरघरू लागतो, फवाऱ्याने चिखल निखळतो आणि अर्ध्या तासात गाडी नव्यासारखी होऊन निघून जाते. गाडी गेली, पण तिच्यावरची घाण कोठे गेली? बहुतेक ठिकाणी ती रस्त्याच्या चारीत जाते, चारीतून ओढ्याला आणि ओढ्यातून मांडवी नदीला. ज्या नदीच्या काठी श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला हजारो माणसे येतात, तीच ही नदी. हे पाणी पुढे कुकडी, घोड आणि भीमेच्या खोऱ्यात उतरते.

आरोग्याच्या सदरात गाड्यांचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. काम आहे. या धंद्यातील कामगार आणि या पाण्याशेजारी राहणारी कुटुंबे माझ्या दवाखान्यात येतात. म्हणून आज या विषयाची माहिती करून घेऊ.

या पाण्यात काय असते?

गाडी धुतलेले पाणी म्हणजे नुसता चिखल नव्हे. त्यात इंजिनचे तेल, ग्रीस, डिझेल, साबण, कॉस्टिक सोडा, ब्रेक व टायर यांची झीज आणि काही वेळा जड धातूंचे अंश असतात. कोंबड्या, जनावरे किंवा शेणखत वाहणाऱ्या गाड्या धुतल्या तर पाण्यात विष्ठा व जंतूही येतात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचे जिवाणू सापडले आणि दूषित पाण्यावर संशय घेतला गेला. हे जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांत नेहमी आढळतात. त्या साथीचा गाड्या धुण्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र विष्ठेचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले तर गोष्ट हगवणीवरच थांबते असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

एका लिटरचा हिशेब

आता तेलाचे पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (२०१२) एक लिटर पाण्यात खनिज तेल अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एक लिटर इंजिन तेलाचे वजन साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे ९ लाख मिलिग्रॅम भरते. याचा अर्थ, ते सगळे पाण्यात मिसळले असे धरले तर एक लिटर तेल १८ लाख लिटर पाण्याची मर्यादा संपवते. ३० फूट व्यासाच्या विहिरीत २० फूट पाणी असेल तर ते सुमारे चार लाख लिटर होते. म्हणजे एका लिटरला अशा चार-पाच विहिरी पुरतात!

प्रत्यक्षात सगळे तेल विरघळत नाही. बरेचसे मातीला चिकटते किंवा पाण्यावर तरंगते. पण आपली जमीन बसाल्ट खडकाची आहे. वर मुरूम आणि खाली भेगा असलेला खडक, अशी तिची रचना. वाळूच्या जाड थरात पाणी जसे हळूहळू गाळले जाते, तसे भेगांतून गाळले जात नाही. वरचे पाणी भेग सापडली की सरळ विहिरीकडे धावते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उकळले किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकले की जंतू मरतात, पण तेल व धातू जात नाहीत. विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येत असेल किंवा त्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसत असेल, तर ते पाणी उकळूनही पिऊ नये. ग्रामपंचायतीमार्फत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि तो तेलासाठी तपासावा असे स्पष्ट सांगावे. नेहमीची जंतूंची तपासणी तेल दाखवत नाही.

फवाऱ्याची जखम

वॉशिंग सेंटरवरील मुलांना होणाऱ्या त्रासांपैकी सर्वांत घातक आणि सर्वांत दुर्लक्षित त्रास म्हणजे फवाऱ्याची जखम. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती साधारण ३० ते ३५ पौंड दाबाची. शंभर पौंडांच्या आसपास दाबाची बारीक धार कातडी भेदू शकते, आणि धुण्याच्या पंपाचा दाब याच्या कित्येक पट असतो. द्राक्षे, डाळिंब, टोमॅटो यांवर औषध मारण्याच्या एचटीपी पंपालाही हेच लागू आहे.

काही वर्षांपूर्वी एक १९-२० वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. गन साफ करताना धार तर्जनीच्या टोकाला लागली होती. टाचणी टोचल्याएवढे भोक, रक्त जवळजवळ नाहीच. घरच्यांनी हळद लावली, मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा बोट काळेनिळे झाले होते आणि सूज मनगटापर्यंत चढली होती. लगेच पुण्याला पाठवले. हात वाचला, पण बोटाचे दोन पेर गेले. धारेबरोबर साबण, तेल आणि घाण बोटाच्या आत शिरते, स्नायुबंधांच्या आवरणातून वर पसरते आणि आतल्या आत रक्तपुरवठा दाबते. बाहेरून काहीच दिसत नाही, हाच या जखमेचा धोका.

म्हणून लक्षात ठेवा. धारेने कातडी फुटली तर भोक कितीही लहान असो, ती तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम समजावी. पिळू नये, घट्ट बांधू नये, बर्फात बुडवू नये. हात उंच धरून ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. पहिले सहा तास मोलाचे असतात. कोणता द्रव आत गेला हे डॉक्टरांना सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन लागतेच, पण केवळ त्यावर भागत नाही.

इतर त्रास थोडक्यात असे. दिवसभर ओल्या पायांनी उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. साबण व कॉस्टिकने हात फाटतात. त्यावर डिझेल-पेट्रोलने हात धुतल्यास इसब कायमचे मागे लागते. ॲल्युमिनियमच्या रिंगा चमकवण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. त्याचे भाजणे कधीकधी काही तासांनी दुखू लागते आणि ते हाडापर्यंत जाऊ शकते. भरपूर पाण्याने धुऊन बाटलीसह रुग्णालय गाठावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे ही लक्षणे दिसल्यास आपण कोणते काम करतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ओल्या फरशीवर मोटारीचा करंट जीव घेतो. अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा स्विच नसलेल्या ठिकाणी काम करू नये.

कायदा काय म्हणतो?

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. त्याच्या २४ व्या कलमाने प्रवाह, विहीर, गटार किंवा जमीन यांत प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई केली आहे. २५ व्या कलमाप्रमाणे सांडपाणी बाहेर सोडणारा उद्योग सुरू करण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी लागते. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत वाहनांचे सर्व्हिसिंग, दुरुस्ती व रंगकाम नारिंगी गटात, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या गटात होते. वर्गवारी अधूनमधून बदलते, तेव्हा मालकांनी आपला गट व अटी मंडळाच्या पुणे कार्यालयातून समजून घ्याव्यात.

पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत. ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात दर लिटरला तेल व ग्रीस १० मिलिग्रॅम, गाळ १०० मिलिग्रॅम आणि सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान. सार्वजनिक भुयारी गटारात सोडायचे असेल तर तेलाची मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, कारण तेथे पुढे शुद्धीकरण होणे अपेक्षित असते. खेड्यात रस्त्याची चारी म्हणजे भुयारी गटार नव्हे, हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यामुळे असाच फरक केला जातो. तेथे फवाऱ्याने धुलाई करणारे ठेकेदार पावसाच्या गटाराचे तोंड आधी बंद करतात, घाण पाणी यंत्राने ओढून घेतात आणि मगच परवानगी असलेल्या ठिकाणी नेऊन टाकतात.

आपल्याकडचा मालक म्हणतो, "डॉक्टर, मी टाकी बांधली आणि शेजाऱ्याने नाही बांधली, तर गिऱ्हाईक दहा रुपये वाचवायला त्याच्याकडे जाणार." तक्रार खरी आहे. कर्ज काढून पंप घेतलेल्या तरुणाला नियम म्हणजे भुर्दंड वाटतो. नियम सर्वांना सारखा लागला तरच तो प्रामाणिक माणसाला परवडतो. हे काम ग्रामपंचायतीने आणि मंडळाने करायचे आहे. एकट्यादुकट्या मालकावर बोट ठेवून काही साधणार नाही.

टाकी कशी असावी?

खर्च वाटतो तेवढा अवाढव्य नाही. समजा एका पिकअपला १५० लिटर पाणी लागते आणि दिवसाला २० गाड्या होतात, तर ३,००० लिटर पाणी झाले. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली असलेल्या टाकीत ते दिवसभर स्थिर राहील. टाकीचे तीन कप्पे करावेत. पहिल्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेल वर येते, तिसऱ्यात निवळ पाणी जमते. कप्प्यांना जोडणाऱ्या पाइपाचे तोंड बाकाने खाली वळवावे, म्हणजे पाणी तळाकडून पुढे जाते आणि तवंग मागे राहतो. वर झाकण असावे, नाहीतर डासांची पैदास होते. बाहेर जाणारे पाणी वर्षातून निदान एकदा तपासून घ्यावे.

साबण फार वापरला तर तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळून राहतात व तवंग धरत नाही. म्हणून आधी चिखल कोरडाच खरवडावा, ग्रीस चिंधीने पुसावे, मग धुवावे. निवळलेले पाणी पुढच्या गाडीच्या पहिल्या धुण्याला वापरावे आणि चांगले पाणी शेवटच्या फवाऱ्यापुरते ठेवावे. बोअरवेल आटत चाललेल्या एप्रिल-मे महिन्यांत ही बचत थेट खिशात पडते.

हे पाणी शोषखड्ड्यात मात्र कधीही सोडू नये. शोषखड्डा घरातील आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी असतो. तेलकट पाणी त्यात सोडणे म्हणजे तेल स्वतःच्या हाताने भूजलात पोचवणे होय. टाकीतला तेलकट गाळही शेतात टाकू नये. काळे ऑइल झाकणाच्या पिंपात, सिमेंटच्या फरशीवर साठवावे आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. ते जनावरांच्या जखमेला लावणे, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर ओतणे या सवयी सोडाव्यात. असे तेल वर्षानुवर्षे कातडीवर राहिले तर कातडीच्या कर्करोगाचा धोका असतो.

वाचकांनी काय करावे?

गाडी धुवायला देताना मालकाला एक प्रश्न विचारा, "पाणी जाते कोठे?" टाकी असलेल्याकडेच गाडी द्या आणि त्याने दहा रुपये जास्त मागितले तर कुरकुर करू नका. ट्रॅक्टर व फवारणीचे पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. मालकांनी कामगारांना गमबूट, रबरी हातमोजे व चष्मा द्यावा, आणि पंप बंद करून दाब उतरवल्याशिवाय गनच्या तोंडाला हात लावू देऊ नये. ग्रामसभेत हा विषय मांडा. पिण्याच्या पाण्याची विहीर गावाची आहे. ती एकदा तेलाने बिघडली तर सुधारायला वर्षे लागतात.