खोक्यावर लिनक्सचे नाव नाही, माऊस चालेल का?

प्रश्न : चंद्रपूरहून बिनतारी माऊस आणला. खोक्यावर फक्त विंडोज लिहिलेय, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. बाण हलत नाही. ड्रायव्हर कुठून घ्यावा? इथे नेटही धड नसते. – एक वाचक, गोंडपिपरी

उत्तर : ड्रायव्हर शोधत फिरू नका, तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. उबुंटू असो की सी-डॅकची बॉस, नेट नसले तरी चालते. खोक्यावरचा मजकूर विक्रीसाठी असतो, तो फारसा मनावर घेऊ नये.

माऊस लॅपटॉपशी बोलतच नाही. तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर आपल्या नखाएवढ्या रिसीव्हरशी बोलतो आणि रिसीव्हर लॅपटॉपला सांगतो, ‘मी यूएसबी माऊस’. मधल्या हवेतल्या कारभाराची लिनक्सला खबरही नसते. म्हणून बिघाड कोणत्या टप्प्यात आहे, एवढेच शोधायचे.

टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, सलग टाइप करा. एकदा रिसीव्हर लावून, एकदा काढून. यादीत एक ओळ वाढली, तर लॅपटॉपने रिसीव्हर ओळखला. मग माऊसकडे वळा : पोटाखालचे बटण चालू आहे का, सेलवरची प्लास्टिकची पट्टी काढली का? (रिसीव्हरच सापडत नसेल, तर तोही बहुधा सेलच्या खणातच दडलेला असतो.) ओळ वाढली नाही, तर दुसरे पोर्ट वापरून पाहा.

जुन्या माऊसचा रिसीव्हर मात्र लावू नका. स्वस्त माऊसची जोडी कारखान्यातच जमवलेली असते, परक्याला ती दाद देत नाही. लॉजिटेकचा युनिफाइंग रिसीव्हर हा अपवाद. त्याला सहा उपकरणे जोडता येतात आणि लिनक्सवर हे काम ‘सोलार’ हा प्रोग्रॅम करतो. तो उतरवण्यापुरते मात्र नेट लागेल. ब्लूटूथ माऊसची गोष्ट वेगळी, त्याला रिसीव्हर नसतोच.

बाण चालतो पण अडखळतो, अशीही तक्रार पुढे येईल. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात हार्डडिस्क असेल, तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात पडतो. रिसीव्हर दूरच्या पोर्टात किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलवर लावा.

एवढे करूनही हलला नाही, तर दुसऱ्या कुणाच्या विंडोज लॅपटॉपवर लावून पाहा. तिथेही मुकाच राहिला, तर माऊस, रिसीव्हर आणि बिल घेऊन दुकान गाठा. माऊसच खराब निघाला आहे.