करवतीचे दाते

वरवर पाहता लाकूड दगडासारखे एकसंध भासते. परंतु त्याची घडण निराळी असते. वृक्षाच्या खोडात असंख्य सूक्ष्म तंतू मोळीतील काड्यांप्रमाणे एकमेकांना बिलगून उभे असतात. मोळीतील काड्या सुट्या करणे सोपे. पण सारी मोळी मधोमध तोडणे कठीण. लाकडाचेही तसेच आहे. म्हणून फळी तंतूंच्या दिशेने उभी चिरावयाची की तंतूंवरून आडवी कापावयाची, हे ठरल्यावाचून जाणता सुतार करवतीला हात घालीत नाही.

उभे चिरणाऱ्या करवतीचा प्रत्येक दाता लहानशा पटाशीसारखा असतो. तो तंतूंचे लांबट तुकडे उकरून काढतो. आडवे कापणाऱ्या करवतीचे दाते सुरीच्या टोकासारखे असून त्यांची धार आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे उतरती असते. ते प्रथम तंतू स्वच्छ तोडतात. त्यामुळे फळीची कड फाटत नाही.

विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीलाही हाच नियम लागू पडतो. १० इंच व्यासाचे पाते घेतले, तर उभ्या चिरण्यासाठी त्याला सुमारे २४ दाते पुरतात. आडव्या कापासाठी आणि प्लायवूडसाठी मात्र ६० ते ८० दात्यांचे पाते लागते. प्लायवूडचा वरचा थर अतिशय पातळ असतो. विरळ दात्यांनी त्याच्या कपच्या उडतात.

मग अधिक दात्यांचे पाते सर्वच कामांना का वापरू नये? याचे उत्तर दोन दात्यांमधील खाचेत आहे. कापताना निघालेला भुसा ही खाच बाहेर वाहून नेते. दाते दाट झाले की खाचा लहान होतात. उभे चिरताना निघणारा भरड भुसा त्यांत मावत नाही. मग पाते तापते, लाकूड काळवंडते आणि कारागिराला फळी जोराने रेटावी लागते.

धोका येथेच असतो. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या अशा पात्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळी पात्यात अडकली, तर ती कारागिराच्या अंगावर उसळते आणि त्याचा हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. म्हणूनच पात्यामागे पातळ पोलादी पट्टी बसवतात. तिच्यामुळे चिरलेली फट मिटत नाही. फळी पुढे सारण्यासाठी हाताऐवजी काठी वापरतात, आणि पाते बदलण्यापूर्वी यंत्राची वीज तोडतात.

सागाचे जे लाकूड सुताराच्या हाती येते, ते तयार होण्यास कित्येक दशके लागलेली असतात. अयोग्य पात्याने ते क्षणात वाया जाते. हत्यार किती धारदार आहे, एवढेच पाहून कुशल कारागीर थांबत नाही. ते हाती घेतलेल्या कामाला योग्य आहे काय, हेही तो पाहतो. त्यातच त्याचे कौशल्य आहे आणि त्याची सुरक्षितताही.

स्वाध्याय
१. लाकडाला मोळीची उपमा का दिली आहे?
२. उभ्या चिरण्यासाठी कमी दात्यांचे पाते का वापरतात?
३. ‘काम तसे हत्यार’ हा विचार पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.