पडद्यापलीकडचा उपचार आणि जबाबदारीचा प्रश्न

संवाद, सजगता आणि शरीराची हालचाल या तिन्ही वाटांनी प्रौढांच्या मनःस्वास्थ्यावर एकत्र काम करणाऱ्या ज्या पद्धतीला ‘समग्र उपचार’ म्हटले जाते, ती आता मोबाइलवरून नवीन जालन्यातील घरांपर्यंत पोहोचली आहे. आणि चांगल्या मानसोपचारासाठी छत्रपती संभाजीनगरची वाट धरण्याची सवय या भागाला असल्यामुळे तिचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. इथल्या सळयांच्या कारखान्यात पाळीने राबणाऱ्या माणसाला तर दवाखान्याच्या वेळा पाळणेही जमत नाही, मग दुसऱ्या शहरात जाणे दूरच.

या पद्धतीचे तिन्ही घटक स्वतंत्रपणे प्रतिष्ठित आहेत. संवादाच्या वाटेवरची, अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे भावनेमागील अविवेकी समजुती तपासून बदलण्याची रीत, कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. सजगता म्हणजे चालू क्षणातील अनुभवाकडे त्याचा निवाडा न करता लक्ष देणे. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत तिचा अभ्यासक्रम रुग्णालयात सुरू केला आणि त्यात सौम्य योगासनांनाही जागा दिली. तेव्हा हे घटक एकत्र आणण्याची कल्पना पोकळ नाही. अडचण निर्माण होते ती हे एकत्रीकरण प्रत्यक्षात कोण करतो, या ठिकाणी.

प्रस्तुत लेखकाने घेतलेल्या अशा ऑनलाइन सत्रांत संवादाला एक व्यक्ती, श्वसनाला दुसरी आणि हालचालीला तिसरी नेमलेली होती, आणि पहिलीजवळ सांगितलेली गोष्ट उरलेल्या दोघींना ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक वेळी दुखणे मुळापासून सांगावे लागे. स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलच्या चौकटीत खांद्यापर्यंतचेच शरीर मावत असल्याने दुखरा गुडघा शिकवणाऱ्याला दिसत नसे, आणि ‘अजून थोडे खाली’ ही सूचना मात्र येतच राही. पुढे एकदा डोळे मिटून श्वास रोखण्यास सांगितले असता छातीतील धडधड वाढली, नेमकी तेव्हाच वीज जाऊन राउटर बंद पडला, आणि जोडणी परत मिळाली तेव्हा सत्र संपल्याचा संदेश तेवढा आलेला होता. त्यानंतर विचारपूस करणारा फोन कोणाचाही आला नाही, कारण नोंदणी करताना पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक विचारलाच गेला नव्हता. शुल्काचा तपशील मात्र काटेकोरपणे घेतला गेला होता.

या प्रकारात श्वसनाचा दोष नाही, समोरच्या माणसाला न ओळखता ते करायला लावण्याचा आहे. ज्यांना तीव्र घाबरेपणाचे झटके येतात किंवा ज्यांच्या गाठी एखादा जुना आघात आहे, त्यांची अस्वस्थता डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवल्याने कधी कधी वाढते. अशा वेळी डोळे उघडे ठेवून तळपायांना होणारा जमिनीचा स्पर्श जाणवू देणे अधिक सुरक्षित ठरते, आणि ही निवड रुग्णाचा पूर्वेतिहास माहीत असलेलाच करू शकतो. धडधड वारंवार होत असेल, तर ती मनाची समजून बसण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न नोंदणीचा असतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याला वैद्यक परिषदेचा क्रमांक असतो, आणि औषध सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला त्यानेच द्यायचा असतो. 25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना अशा नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’, ‘वेलनेस कोच’ या पाट्या मात्र अल्पशा प्रशिक्षणावरही लावता येतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे काम चांगले असले तरी ते पाटीवरून कळत नाही. दुसरा प्रश्न असा विचारावा, की तिघांपैकी मुख्य जबाबदारी कोणाची, आणि मधेच संपर्क तुटला तर किती वेळात, कोण, कोणत्या क्रमांकावर फोन करणार. याचे उत्तर गुळमुळीत आले, तर बाकीची माहितीपत्रके वाचण्यात वेळ घालवू नये.

गोपनीयतेचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम 23ने दिलेला आहे, परंतु दोन खोल्यांच्या घरात तो सासूबाईंच्या पूजेच्या वेळेशी आणि मुलांच्या अभ्यासाशी जुळवून घ्यावा लागतो. गच्ची, इयरफोन आणि आतून लावलेली कडी यांची सोय आधी करून ठेवलेली बरी. संवाद आणि सजगता यांना मोबाइल पुरतो. हालचालीचा भाग मात्र पहिले काही दिवस जालन्यातीलच जाणत्या योगशिक्षकासमोर बसून शिकावा, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022पासून सुरू असून 14416 या क्रमांकावर ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते. ऑनलाइन सत्र कोणतेही घ्या, पण हा क्रमांक आणि सत्राची वेळ घरातील एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा.