सृष्टीच्या सान्निध्यात तपसाधना



धर्मग्रामात तपसाधनेची सूचना वाचली गेली की काहीजण उत्साहाने नाव देतात. काहीजण मात्र विचारतात, "चर्चमध्ये प्रार्थना होते, घरी रोझरी होते. मग डोंगरावर किंवा समुद्रकाठी जाऊन वेगळे काय करायचे?" हा प्रश्न प्रामाणिक आहे. अलीकडे प्रार्थना, निसर्ग आणि सृष्टी यांना केंद्रस्थानी ठेवून तपसाधना आयोजित केल्या जातात. त्यांचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध आहे, हे या पाठात समजून घेऊ.

१. प्रभू येशूचा एकांत

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आपण वाचतो की, कफर्णहूम गावात संध्याकाळी प्रभूच्या दाराशी सारे गाव लोटले होते. त्याने अनेक रोग्यांना बरे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांत स्थळी गेला आणि प्रार्थना करू लागला (मार्क १:३२-३५). शिष्य त्याला शोधत आले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर पुढच्या गावांकडे निघाला. बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी त्याने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२-१३).

थकलेल्या शिष्यांनाही त्याने एकांतात येऊन विसावा घेण्यास सांगितले. ते मचव्यातून गेले, पण लोक त्यांच्याआधीच तिथे पोहोचले. प्रभूला लोकांचा राग आला नाही, त्याला त्यांचा कळवळा आला (मार्क ६:३१-३४). प्रभूच्या एकांताने त्याला लोकांपासून तोडले नाही, हे आपण ध्यानात ठेवू.

डोंगरावरील प्रवचनात तो आकाशातील पाखरांकडे पाहायला आणि रानातील फुले कशी वाढतात याचा विचार करायला सांगतो (मत्तय ६:२६-२८). पाहणे आणि विचार करणे हा प्रभूने घालून दिलेला प्रार्थनेचा पाठच आहे.

२. संत इग्नेशियस आणि नदीचा काठ

तपसाधनेला पद्धतशीर रूप देणारे संत म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस. त्यांचे नाव घेताच शिस्तप्रिय सैनिक डोळ्यांसमोर येतो. आकाश आणि नदी यांनी त्यांच्या परिवर्तनात किती मोठा वाटा उचलला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

स्पेनमधील लोयोला येथे १४९१ साली त्यांचा जन्म झाला. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. कित्येक महिने ते घरी अंथरुणाला खिळून होते. शौर्यकथा वाचायला हव्या होत्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्या दिवसांत आकाशाकडे आणि ताऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहण्याने त्यांना सर्वात मोठे समाधान मिळत असे. पाहता पाहता प्रभूची सेवा करण्याची तीव्र इच्छा मनात दाटून येई, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे.

१५२२ च्या मार्चमध्ये मोंसेर्रात येथे पवित्र मरियेच्या वेदीजवळ त्यांनी आपली तलवार ठेवली आणि जवळच्या मान्रेसा गावी आले. तिथे ते सुमारे अकरा महिने राहिले. ते दिवस सुखाचे नव्हते. जुन्या पापांच्या आठवणीने त्यांना इतके छळले की जीव देण्याचेही विचार मनात येऊन गेले. पुढे एके दिवशी एका चर्चकडे जात असताना ते वाटेत कार्दोनेर नदीकडे तोंड करून बसले. खाली खोलवर नदी वाहत होती. तिथे त्यांना कोणताही दृष्टान्त झाला नाही, पण त्यांच्या बुद्धीचे डोळे उघडले आणि साऱ्या गोष्टी नव्याने कळू लागल्या. आयुष्यभरात देवाकडून मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले, तरी त्या एका प्रसंगी जे मिळाले त्याची बरोबरी होणार नाही, असे ते साठी ओलांडल्यावर म्हणाले.

मान्रेसात सुरू झालेल्या टिपणांतून 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ तयार झाला. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. पोप पायस अकरावे यांनी १९२२ साली संत इग्नेशियस यांना तपसाधनेचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

३. साधनेत सृष्टीचे स्थान

ही साधना चार आठवड्यांची, म्हणजे सुमारे तीस दिवसांची आहे. तिच्यात सृष्टी तीन महत्त्वाच्या ठिकाणी येते.

पहिले ठिकाण म्हणजे साधनेचा पाया. मनुष्य देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला आहे आणि पृथ्वीवरील इतर गोष्टी त्याला या कामी मदत व्हावी म्हणून दिल्या आहेत. त्या मदत करतील तेवढ्याच वापराव्यात आणि अडथळा होतील तेव्हा दूर ठेवाव्यात. हे एक सूत्र जमिनीला, पाण्याला आणि पैशाला लावून पाहिले, तरी आपले किती व्यवहार तपासावे लागतील!

दुसरे ठिकाण पापांवरील चिंतनात आहे. साधक आपली पापे आठवतो आणि आश्चर्याने स्वतःला विचारतो: मी असा वागलो, तरी सूर्य, चंद्र आणि तारे मला प्रकाश देत राहिले. झाडांनी फळे दिली. ज्या पृथ्वीवर मी उभा आहे तिने मला गिळले नाही. हे कसे? इथे सृष्टी देवाच्या दयेची साक्षीदार होते. पश्चात्तापातून कृतज्ञता जन्माला येते.

तिसरे ठिकाण अगदी शेवटी, प्रेमप्राप्तीसाठीच्या चिंतनात आहे. प्रेम शब्दांपेक्षा कृतीतून अधिक दिसावे, ही आठवण देऊन संत इग्नेशियस चार मुद्दे सांगतात. देवाने मला काय काय दिले? देव वनस्पतीत, पशुपक्ष्यांत आणि माझ्यात कसा वास करतो? सृष्टीत तो माझ्यासाठी कसे श्रम करतो? आणि सूर्यातून किरण यावेत, झऱ्यातून पाणी यावे, तशी प्रत्येक चांगली गोष्ट वरून कशी येते? यातील 'श्रम' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. भाताच्या लोंबीत दाणा भरतो तेव्हा शेतकऱ्याबरोबर देवही राबत असतो.

४. दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा की ही सहल आहे. बसने जायचे, फोटो काढायचे, जेवायचे आणि संध्याकाळी परतायचे. सहलीत काही वाईट नाही, पण तिला तपसाधना म्हणता येणार नाही. सहलीत आपण बदल शोधतो, साधनेत आपण स्वतः बदलायला तयार होतो. त्यासाठी मौन हवे. आयोजकांनीही हे लक्षात घ्यावे. एकामागून एक प्रवचने आणि दिवसभर ध्वनिक्षेपक असेल, तर पाखरांचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही. मार्गदर्शकाने थोडक्यात मुद्दे द्यावेत आणि बाजूला व्हावे, असे संत इग्नेशियस सांगतात. पुष्कळ माहितीने आत्म्याची भूक भागत नाही. एखादी गोष्ट आत मुरावी लागते.

दुसरा गैरसमज असा की ही निसर्गपूजा आहे. संत पौल स्पष्ट सांगतात की देवाचे अदृश्य गुण त्याच्या निर्मितीतून कळून येतात. निर्मात्याऐवजी निर्मितीची उपासना करणाऱ्यांना ते तेवढ्याच स्पष्टपणे दोष देतात (रोमकरांस पत्र १:२०-२५). झाडापाशी बसून आपण झाडाची प्रार्थना करीत नाही, झाडाच्या निर्मात्याची करतो. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी सूर्य, वारा, पाणी यांना भाऊबहिणी मानले, पण स्तुती मात्र परात्पर प्रभूचीच केली. १२२५ साली त्यांनी सृष्टीचे स्तोत्र रचले, तेव्हा ते आजारी होते आणि डोळ्यांच्या विकाराने त्यांना प्रकाशही सहन होत नव्हता. सूर्यासाठी देवाचे आभार मानणाऱ्या माणसाला सूर्याकडे पाहणे अशक्य झाले होते!

म्हणून साधनेला सुंदर देखावाच हवा असे नाही. संत पौलांच्या शब्दांत सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे (रोमकरांस पत्र ८:२२). खारट झालेली विहीर, प्लॅस्टिकने भरलेला ओढा, तोडलेल्या झाडाचा बुंधा, यांच्याजवळही प्रार्थना करता येते. कदाचित तिथे ती अधिक खरी होईल.

५. एक दिवसाची साधना

तीस दिवस देणे प्रापंचिकांना सहसा जमत नाही. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांसाठी रोज थोडा वेळ काढून साधना करण्याची मुभा संत इग्नेशियस यांनीच दिली आहे. एका दिवसासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

सकाळी: मोबाइल बंद करून ठेवावा. अर्धा तास सावकाश, न बोलता चालावे. प्रभूकडे एकच कृपा मागावी: "प्रभो, तू दिलेले मला दिसू दे."

त्यानंतर: एक जागा निवडावी. एखादे झाड, विहीर, वाफा किंवा खडक. तिथे तासभर बसावे. स्तोत्र १०४ हळूहळू वाचावे. जिथे मन थांबेल तिथे थांबावे, पुढे जाण्याची घाई करू नये.

दुपारी: मौनात जेवावे. ताटातला भात, भाजी, मासळी कुठून आली, कोणाच्या हातांनी आली, याचे स्मरण करावे आणि त्या माणसांसाठी प्रार्थना करावी.

तिसऱ्या प्रहरी: विवेकतपासणी करावी. पाणी, अन्न, कचरा, जमीन यांच्या बाबतीत मी कसा वागलो? माझ्या सोयीची किंमत कोणत्या गरिबाने मोजली? शक्य असल्यास प्रायश्चित्त संस्कार घ्यावा.

संध्याकाळी: पवित्र मिस्सा. भाकर आणि द्राक्षारस अर्पण होताना ध्यानात घ्यावे की जमिनीचे पीक आणि माणसाचे श्रम वेदीवर येतात आणि ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. सकाळी झाडाखाली सुरू झालेली प्रार्थना इथे पूर्णत्वाला जाते.

आजारपणामुळे घराबाहेर पडता येत नसेल, तर खिडकीतून दिसणारे आभाळ पुरेसे आहे. लोयोलाच्या खोलीत संत इग्नेशियस यांनाही तेवढेच लाभले होते.

६. साधनेनंतर

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले आणि २००१ साली 'पर्यावरणीय परिवर्तना'ची हाक दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र लिहिले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जपणुकीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. १ सप्टेंबरपासून संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, सृष्टीचा काळ पाळला जातो. २०२५ साली सृष्टीच्या जपणुकीसाठी खास मिस्साही ख्रिस्तसभेला मिळाली. पोप लिओ चौदावे यांनी ती त्याच वर्षी जुलैमध्ये अर्पण केली.

प्रार्थना आणि कृती यांची सांगड आपल्याकडेही घातली गेली आहे. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो या धर्मगुरूने केले. वेदी आणि विहीर यांत त्यांना अंतर वाटले नाही.

म्हणून साधनेच्या शेवटी प्रत्येकाने एकच निश्चय लिहावा. तो लहान असावा, पण पाळता येणारा असावा. सणाच्या जेवणात अन्न वाया जाऊ न देणे, एक झाड लावून तीन उन्हाळे त्याला पाणी घालणे, जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र प्रार्थना करणे. महिन्याने तो निश्चय पुन्हा वाचावा.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात मी कोणत्या निर्मितीकडे थांबून पाहिले?
२. माझ्या वाडवडिलांनी जपलेले काय मी गमावले आहे, आणि काय अजून वाचवू शकतो?
३. आपल्या कुटुंबाला वर्षातून एक दिवस मौनासाठी देता येईल का?

प्रार्थना

हे निर्मात्या पित्या, तू दिलेले आम्ही घेतले, पण देणाऱ्याकडे पाहायला विसरलो. आम्हांला तुझ्या पुत्राबरोबर एकांतात ने आणि त्याच्याबरोबरच लोकांत परत पाठव. आमच्या हातांतील माती, पाणी आणि माणसे आम्ही तुझी म्हणून जपू, अशी कृपा दे. आमेन.