बटण सरकले तरी चाचणी चुकू नये म्हणून

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या लॅबसाठी फेडोरा लिनक्सची स्वतःची आवृत्ती बनवतो. इन्स्टॉलरमधले बटण जरा सरकले की आमची क्लिकची स्क्रिप्ट फसते. ही चाचणी हातानेच करायची का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मुळीच नाही. ठरावीक पिक्सेलवर क्लिक म्हणजेच स्वयंचलित चाचणी, हा समज सोडा. ओपनसुसे आणि फेडोरा हे दोन्ही प्रकल्प 'ओपनक्यूए' हे चाचणीचे साधन वापरतात. ते आभासी संगणकात इन्स्टॉलर चालवते, पडद्याचे चित्र नमुनाचित्राशी ताडते आणि जुळणी सापडेल तिथे क्लिक करते. त्यामुळे बटण थोडे सरकले तरी बिघडत नाही. फॉन्ट किंवा थीम बदलली, तर मात्र नमुने नव्याने घ्यावे लागतात. म्हणून नमुन्यात अख्खा पडदा नको, बटणापुरताच भाग घ्या. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून देणारी किकस्टार्ट फाइल सोपी आहे, पण तिने पडद्यावरची बटणे तपासली जात नाहीत. आणि डिस्कविभाजनाची चाचणी आभासी डिस्कवरच करा, लॅबच्या संगणकांवर नको.