जुन्या घराची ड्रेनेज लाइन खाली घेताना

प्रश्न : आमचे वाईतले घर दगडी जोत्याचे, फार जुने आहे. नूतनीकरणात मागच्या खोलीत संडास-बाथरूम करायचे आहे. चिनी मातीची जुनी लाइन वारंवार तुंबते. ती बदलून खाली घेता येईल का?

उत्तर : येईल, पण खोदाई सुरू करण्याआधी रस्त्यावरच्या नगरपालिकेच्या चेंबरचे झाकण उघडून पाहा. तुमची लाइन किती खाली न्यायची, हे तिथल्या पाइपाचा तळ ठरवतो. गवंड्याकडून पाण्याच्या नळीने लेव्हल काढून घ्या. ११० मिमी पाइपाला मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर उतार हवा. म्हणजे १२ मीटरसाठी ३० सेंटिमीटर. एवढा उतार मिळत नसेल, तर लाइन खाली नेण्याऐवजी बाथरूमची फरशी उचला.

दगडी जोत्याला लागून पायाच्या खाली सलग चर कधीही खणू नका, भिंत खचते. चर भिंतीपासून लांब ठेवा. भिंत ओलांडावीच लागली, तर इंजिनिअरला दाखवून मगच त्या जागी हात घाला.

पाइपाखाली वाळूचा थर द्या. प्रत्येक वळणावर चेंबर बांधा. फांदी काटकोनात न जोडता ‘वाय’ने जोडा. बाथरूम-मोरीचे पाणी गली ट्रॅपमधून सोडा, व्हेंट पाइप छपराच्या वर न्या. चर बुजवण्याआधी खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला, तर माती ढकलू देऊ नका.